ॲनिमेतली फ्रेम प्रत्यक्षात गाठायची तर: निघण्याआधी, वाटेत आणि जागेवर

‘जाऊन आलो, पण पडद्यावर दिसतं तसं काही दिसलंच नाही.’ ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधल्या, खऱ्या जागा बघून जपानहून परतलेल्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी आधी फोटो मागवते. फोटो बघितला की चूक सापडते. देऊळ बरोबर असतं, पण जिना दुसराच. किंवा जिनाही बरोबर, पण भर दुपारची गर्दी आणि फोनची सगळ्यात वाइड लेन्स. नाव कळलं म्हणजे जागा कळली असं धरून निघाल्यामुळे हे होतं. खरं काम नावाच्या पुढे सुरू होतं: पाय नेमके कुठे ठेवायचे, किती वाजता, आणि तिथे राहणाऱ्या माणसांना त्रास न देता कसं.

जपानीत या भटकंतीला ‘सेइची जुनरेई’ (聖地巡礼) म्हणतात, शब्दशः तीर्थयात्रा. शोधताना हा शब्द लागेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. व्हिसा, विमान, हॉटेल हे विषय बाजूला ठेवले आहेत. त्यात चुका कमी होतात. खाली दिलेला क्रम मात्र मोडू नका. बहुतेक जण तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

## १. जागा खरी आहे का, आणि अजून उभी आहे का

फ्रेम आवडली की लगेच नकाशा उघडू नका. आधी ती तीनपैकी कोणत्या जातीची आहे ते ठरवा.

पहिली जात, जशीच्या तशी जागा. ‘युअर नेम’ या चित्रपटाच्या (२०१६) शेवटचा जिना टोकियोच्या शिंजुकू वॉर्डात सुगा देवळाजवळ आहे. ‘स्लॅम डंक’ मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यातलं रेल्वे फाटक कामाकुराच्या एनोदेन मार्गावर, कामाकुराकोको-माए स्टेशनाजवळ आहे. इथे मेहनत घेतली तर फ्रेम जुळते.

दुसरी जात, जोडून बनवलेली जागा. त्याच ‘युअर नेम’मधलं इतोमोरी गाव नकाशावर कुठेच नाही. स्टेशन आणि वाचनालय गिफू प्रांतातल्या हिदा-फुरुकावाचं आहे. चित्रपटातलं तळं बघायला चाहते नागानोतल्या सुवा तळ्यावर, तातेइशी बागेच्या टेकडीवर जातात. दोन्ही एका दिवसात उरकायचं ठरवलंत तर दिवस गाडीतच जाईल.

तिसरी जात, बदललेली किंवा गेलेली जागा. याच जातीमुळे सर्वांत जास्त हिरमोड होतो. ‘वेदरिंग विथ यू’ आपल्याकडे ऑक्टोबर २०१९ मध्ये थिएटरांत लागला, तेव्हा त्यातली योयोगीची पडकी इमारत पाडायला सुरुवातही झाली होती. हिदा-फुरुकावा स्टेशनात शिरणारी ‘युअर नेम’मधली ‘हिदा’ एक्स्प्रेस जुन्या किहा ८५ डब्यांची आहे. मार्च २०२३ पासून ते डबे या गाडीवर नाहीत, नव्या एचसी ८५ गाड्या धावतात. म्हणजे स्टेशनाजवळच्या पुलावर कितीही वेळ उभे राहिलात तरी ती गाडी येणार नाही. ‘लकी स्टार’ मालिकेतल्या (२००७) वाशिनोमिया देवळाची कमान, म्हणजे तोरी, ऑगस्ट २०१८ मध्ये कोसळली, आज दिसते ती २०२१ साली उभारलेली.

तपासा: प्रत्येक जागेचे गेल्या सहा महिन्यांतले फोटो शोधा. गूगल नकाशाच्या स्ट्रीट व्ह्यूवर चित्र कोणत्या महिन्यात टिपलंय ते लिहिलेलं असतं, तेही बघा. जुनं असेल तर भरवसा ठेवू नका.

## २. फ्रेम निवडा आणि वाचा

दिवसाला पाच-सहा फ्रेम पुरेत. वीस फ्रेमची यादी घेऊन गेलेल्या माणसाच्या हाती वीस घाईचे फोटो लागतात.

स्क्रीनशॉट मोठ्या पडद्यावरून, उत्तम दर्जात घ्या. फोनवर सबटायटलसकट घेतलेला चालत नाही. सबटायटल चित्राचा नेमका खालचा भाग झाकतात, आणि उभं कुठे राहायचं ते कळतं त्याच भागावरून. मग प्रत्येक फ्रेमखाली चार गोष्टी लिहा:

- जवळची एक न हलणारी वस्तू (खांब, कठडा, पाटी)
- लांबची एक न हलणारी वस्तू (इमारतीचं टोक, डोंगर, क्षितिज)
- सावल्या कोणत्या बाजूला पडल्या आहेत
- ऋतू: पानं, फुलं, गणवेश पूर्ण बाह्यांचा की अर्ध्या बाह्यांचा

फ्रेम फोनमध्ये ऑफलाइन ठेवाच, पण मी कागदावरही छापून नेते. उन्हात फोनच्या स्क्रीनवर दुसरा फोटो बघत कॅमेरा धरणं जमत नाही. पोस्टकार्डाएवढा कागद डाव्या हातात धरता येतो.

## ३. पिन देवळावर नको, पायाखाली हवी

आता नकाशा. इंग्रजी नावाने शोधलंत तर प्रवासी यादीतली जागा येते. जपानी विकिपीडियावरून कलाकृतीचं जपानी नाव उचला, त्याला ‘सेइची जुनरेई’चे जपानी शब्द जोडा आणि मग शोधा. जपानी चाहते एकेका फ्रेमशेजारी स्वतःचा फोटो लावून ठेवतात, त्यातून कोपरा कळतो. ‘आनीताबी’ नावाच्या चाहत्यांच्या नकाशावरही फ्रेमनिहाय पिना आहेत.

सुगा देवळाचं उदाहरण घ्या. नकाशात देवळाचं नाव टाकलं की पिन आवारात पडते. चित्रपटातला जिना देवळासमोर उतरणारा, लाल कठड्यांचा, ‘ओतोकोझाका’ नावाचा आहे. जवळच ‘ओन्नाझाका’ हा दुसरा उतार आहे, आणि त्यावर फोटो काढून परतलेले लोक मला माहीत आहेत. योत्सुया किंवा योत्सुया-सानचोमे स्टेशनावरून चालत साधारण दहा मिनिटं लागतात. वाट घरांच्या गल्ल्यांमधून जाते, म्हणून शेवटच्या तीन वळणांचे स्ट्रीट व्ह्यूचे फोटो आधीच जतन करा.

पिन टाकताना नाव देवळाचं देऊ नका. ‘जिन्याच्या माथ्यावर, कठड्याच्या उजवीकडे, खाली बघत’ असं लिहा. वाचायला विचित्र वाटेल, पण जागेवर हेच उपयोगी पडतं.

सावधान: पिन खासगी घर, चालू शाळा किंवा स्टुडिओवर पडत असेल तर ती यादीतून काढा. रेल्वे फाटकाच्या वर, चढावर असलेली कामाकुराची शाळा ही रोज भरणारी शाळा आहे. आत जायचं नाही, मुलांचे फोटो काढायचे नाहीत. ॲनिमे बनवणाऱ्या क्योतो ॲनिमेशन कंपनीचा क्योतोच्या फुशिमी भागातला स्टुडिओ २०१९ साली जाळण्यात आला आणि ३६ माणसं गेली. ती जागा बघायला जाऊ नका, आसपास लोक राहतात. आदरांजली वाहायचीच असेल तर क्योतोजवळच्या उजी शहरातल्या बागेत २०२४ साली उभारलेलं स्मारक त्यासाठी आहे.

शाळा आतून बघायचीच हौस असेल, तर ‘के-ऑन’ मालिकेतल्या शाळेचा नमुना मानली जाणारी शिगा प्रांतातली तोयोसातोची जुनी शाळा लोकांसाठी खुली असते. १९३७ सालची ती इमारत आता शाळा म्हणून वापरात नाही.

## ४. वेळ ठरवा, मग गाडी

इथे आपली मुंबई-पुण्याची सवय फसवते. टोकियोत जूनमध्ये साडेचारच्या आधीच उजाडतं आणि डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. ‘संध्याकाळी पाचला जाऊ’ म्हणून हिवाळ्यात निघालात तर अंधार भेटेल. आधी त्या तारखेची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ काढा, मग फ्रेमची सावली बघून तास ठरवा, आणि गाडी सगळ्यात शेवटी.

कामाकुराच्या फाटकावरून समुद्र दक्षिणेला आहे. उतारावरून खाली बघताना दुपारी, विशेषतः हिवाळ्यात, सूर्य बराचसा समोर येतो. आकाश पांढरं पडतं आणि गाडी काळी. सकाळी लवकर ऊन डाव्या बाजूने येतं, रंग टिकतात, गर्दीही कमी. मी एकच वेळ सुचवेन: सकाळी, शाळा भरण्याच्या आधी.

- एप्रिलअखेर ते मेची सुरुवात (गोल्डन वीक), ऑगस्टचा मध्य (ओबोन) आणि नववर्षाचे दिवस, म्हणजे जपानी सुट्ट्यांच्या गर्दीचे दिवस, टाळा.
- वाचनालय, संग्रहालय यांचा सुट्टीचा वार बघा. पुष्कळ ठिकाणी तो सोमवार असतो, आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर मंगळवारी बंद.
- साकुराची, म्हणजे चेरीच्या बहराची, फ्रेम असेल तर तारीख आधी ठरवता येत नाही. दोन दिवस मोकळे ठेवा, नाहीतर ती फ्रेम सोडा.

## ५. तिकिटांच्या तीन चुका

पहिली: डोळे मिटून जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा प्रवासी पास, घेणं. ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांच्या पासला ५०,००० येन लागतात. टोकियोहून नागोयामार्गे हिदा-फुरुकावाला जाऊन यायला साधारण ३०,००० येन पडतात. तेवढाच लांबचा प्रवास असेल तर सुटी तिकिटं स्वस्त. शिवाय एनोदेन आणि टोकियोचा भुयारी मेट्रो जेआरचे नाहीत. तिथे पास चालत नाही.

दुसरी: सुइका, म्हणजे पैसे भरून टॅप करायचं प्रवासाचं कार्ड, सगळीकडे चालेल असं धरणं. टोकियो आणि एनोदेनवर ते उत्तम. पण टोकियोत टॅप करून शिरलात आणि थेट नागोयाकडे उतरलात तर ते चालत नाही, आणि डोंगराळ मार्गांवरच्या लहान स्टेशनांत यंत्रच नसू शकतं. तिकीट काढा, रोख जवळ ठेवा.

तिसरी, आणि सगळ्यात महाग: परतीची गाडी न बघणं. हिदा-फुरुकावासारख्या ठिकाणी दोन गाड्यांमध्ये तास-दोन तासांचं अंतर पडतं. उतरल्या उतरल्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि परतीच्या गाडीचा गजर लावा. मगच पुलाकडे वळा.

कामाकुरासाठी फुजिसावाहून एनोदेन पकडणं मला सोयीचं वाटतं. त्या बाजूने फाटक जवळ पडतं, आणि समुद्र उजव्या खिडकीत येतो.

## ६. कॅमेरा कुठे धरायचा

या टप्प्याला घाई करू नका. फोटो ‘तसा’ दिसतो की नाही ते इथे ठरतं.

जागेवर पोहोचलं की लोक पहिल्यांदा झूम करून चित्र मोठं-लहान करतात. हा उलटा क्रम आहे. झूमने फक्त चौकट लहान-मोठी होते. वस्तूंची एकमेकींशी असलेली मांडणी ठरते ती तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून. म्हणून असं करा:

अ. डावं-उजवं. छापील फ्रेममध्ये जवळची वस्तू लांबच्या वस्तूला कुठे झाकते ते बघा. समजा, खांब इमारतीच्या डाव्या कडेला टेकलाय. तुम्ही डावीकडे सरकलात की खांब उजवीकडे सरकल्यासारखा दिसेल. तो नेमका कडेला टेकेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या पावलाने सरका.

आ. पुढे-मागे. आता खांबाची उंची इमारतीच्या उंचीच्या तुलनेत किती आहे ते जुळवा. मागे गेलात की जवळचा खांब भरभर लहान होतो, लांबची इमारत जवळजवळ तेवढीच राहते. कडा बिघडली तर ‘अ’ पुन्हा.

इ. वर-खाली. ॲनिमेत कॅमेरा पुष्कळदा कमरेच्या, कधी गुडघ्याच्या उंचीवर असतो. क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. फ्रेममध्ये सपाट जागी उभ्या माणसाच्या कमरेतून क्षितिज जात असेल तर फोन कमरेजवळ धरा.

ई. झूम. हे शेवटी. फोनच्या फोटोचं रुंदी-उंचीचं प्रमाण आधीच १६:९ वर ठेवलेलं असू द्या. बहुतेक फोन ४:३ वर असतात आणि मग कडा जुळत नाहीत.

एनोदेनच्या फाटकावर हे अगदी उघड दिसतं. लोक फाटकाच्या अंगावर जाऊन वाइड लेन्सने काढतात. गाडी खेळण्याएवढी येते आणि समुद्राची बारीक पट्टी उरते. त्याऐवजी पदपथावरूनच उतार चढून मागे जा आणि दोन-तीनपट झूम करा. रस्ता दबतो, समुद्र गाडीच्या मागे भिंतीसारखा उभा राहतो. पडद्यावर भरलेला समुद्र दिसतो तो असा येतो, आणि तुम्ही वाहनांच्या वाटेतही नसता.

गाड्या साधारण १४ मिनिटांनी आहेत. मार्ग एकेरी आहे आणि गाड्या एकमेकींना ओलांडतात ती जागा पुढच्या स्टेशनाच्या वाटेवरच आहे, त्यामुळे फाटकावरून एका दिशेची गाडी गेली की थोड्याच वेळात उलट दिशेची येते. पहिली नुसती बघा, चौकट तपासा. दुसरीला फोटो काढा.

काही फ्रेम कधीच जुळणार नाहीत, हेही मान्य करा. पार्श्वभूमी रंगवणारे कलाकार विजेच्या तारा काढून टाकतात, आकाश उंच करतात, रस्ता रुंद करतात. फ्रेममधल्या तीनपैकी दोन वस्तू जुळल्या की थांबा.

सराव: निघण्याआधी घरीच करा. मित्राने दादरच्या किंवा डेक्कनच्या एखाद्या चौकात काढलेला फोटो घ्या आणि तोच फोटो पुन्हा काढून बघा. अर्ध्या तासात हात बसतो, आणि जपानमध्ये तो अर्धा तास वाचतो.

## ७. तुम्ही कुणाच्या तरी दारात आहात

ओतोकोझाकावर मी सकाळी होते. आम्ही पाच-सहा जण, वेगवेगळ्या देशांचे, जिन्याच्या मधोमध. एक आजी खालून वर येत होत्या, हातात भाजीची पिशवी, दुसरा हात लाल कठड्यावर. आमच्या दोन पायऱ्या खाली त्या थांबल्या आणि फोटो संपायची वाट बघत उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. बराच वेळ आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. लक्षात आल्यावर आम्ही बाजूला झालो, तर त्यांनीच मान लववली. तेव्हापासून मी जिन्यावर कुठेही गेले की आधी खाली आणि वर बघते, मग फोन काढते.

ठरवूनच ठेवा:

- जिन्यावर बसायचं नाही, कठडा अडवायचा नाही, ट्रायपॉड नाही.
- गल्लीत आवाज खाली. सकाळी सातच्या आधी घरांजवळ गप्पा नकोत.
- फाटकाची घंटा वाजू लागली की रुळांपासून लांब. रस्त्याच्या मध्ये उभं राहायचं नाही. गर्दीच्या वेळी तिथे सुरक्षारक्षक असतात. ते हात करतील तिकडे जायचं, वाद नाही.
- कचऱ्याचे डबे रस्त्यावर क्वचितच दिसतात. एक रिकामी पिशवी खिशात ठेवा आणि कचरा हॉटेलवर न्या.
- दुकान, वाचनालय, कॅफेमध्ये विचारल्याशिवाय फोटो नाही. ‘शाशिन ओ तोत्तेमो ई देस का’ एवढं वाक्य पाठ करा. हिदाच्या वाचनालयात आधी काउंटरवर विचारा आणि वाचणाऱ्यांचे चेहरे चौकटीत घेऊ नका.
- देवळात असाल तर आधी देवाला नमस्कार: कमानीपाशी मान लववा, हात धुवा, दोनदा लववून दोन टाळ्या, मग पुन्हा एकदा लववा. फोटो नंतर.

देवळांत ‘गोशुइन’ नावाचा हाताने लिहिलेला शिक्का मिळतो. तो साध्या वहीत मागू नका. त्यासाठी वेगळी वही असते आणि ती पुष्कळ देवळांत विकत मिळते.

शाकाहारी असाल तर एक व्यावहारिक गोष्ट: सोबा-उदोन या नूडल्सच्या रश्श्यात बहुधा माशाचा अर्क असतो, भाज्या दिसत असल्या तरी. लहान गावात जाताना उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) घातलेली ओनिगिरी (भाताचा गोळा) बरोबर घेऊन निघालात की जेवणाच्या शोधात प्रकाश वाया जात नाही.

## ८. परत निघण्याआधी आणि फोटो टाकण्याआधी

जिथे फोटो काढलात त्या गावात काहीतरी विकत घ्या: चहा, बन, स्टेशनातलं पोस्टकार्ड. पुष्कळ जागी दुकानात किंवा स्टेशनावर चाहत्यांसाठी एक वही ठेवलेली असते. चाळून बघा, जपानी, कोरियन, चिनी अक्षरं सापडतील. त्यात मराठीत लिहा. तारीख, गावाचं नाव, कोणती फ्रेम शोधायला आलात ते. एवढं केलंत तर मला खरंच आनंद होईल.

मग रात्री, हॉटेलवर, फोटो टाकण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून कडा तपासा. घरांच्या दाराशेजारी आडनावाच्या पाट्या असतात, त्या पुसा. गाड्यांचे नंबर आणि मुलांचे चेहरे पुसा. घरांमधली फ्रेम असेल तर फोटोतली स्थळाची माहिती काढा आणि फक्त वॉर्डचं नाव लिहा. फोटोबरोबर मूळ फ्रेम लावणार असाल तर कोणत्या भागात, कितव्या मिनिटाला ते लिहा. पुढच्या माणसाला तेवढं पुरतं.